स्वस्तात जास्तीचा ब्रेड आणला आहे. फ्रिजमध्ये ठेवू की फ्रीजरमध्ये?

फ्रीजरमध्येच ठेवा, फ्रिजच्या साध्या कप्प्यात नको. ब्रेड शिळा होतो तो नुसता वाळून नाही. त्यातल्या स्टार्चचे पुन्हा स्फटिक बनू लागतात, आणि फ्रिजच्या ४-५ अंश सेल्सिअसला हे बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. उणे १८ अंशांना ते जवळजवळ थांबतं. म्हणून आणल्या दिवशीच गोठवा: स्लाइस सुट्या करून, पिशवीतली हवा दाबून काढून. तीन दिवसांनी गोठवलात तर तीन दिवसांचा शिळाच बाहेर निघेल. लागतील तेवढ्याच स्लाइस काढून थेट टोस्टरमध्ये किंवा गरम तव्यावर टाका. साधारण ६० अंशांच्या वर ते स्फटिक मोडतात आणि मधला भाग पुन्हा लुसलुशीत होतो. मात्र गरम असतानाच खा, गार झाला की परत चिवट. फ्रीजरमध्ये चव साधारण ३ महिने चांगली राहते. कडेचे तुकडे टाकू नका, खरंच. कडक भाजून मिक्सरमधून काढले की छान चुरा होतो. फक्त बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तो ब्रेड गोठवू नका, फेकून द्या. थंडीने बुरशी मरत नाही, आणि तिचे धागे ठिपक्याच्या बरेच पुढे गेलेले असतात.