ड्रमच्या पोटात काय दडलंय?
किरणोत्सारी कचऱ्याच्या ड्रमची बाहेरून गॅमा मोजणी केलीस, तर आकड्यापुढचं अधिक-उणे (±) पाहून निश्चिंत होऊ नकोस. ते बहुधा फक्त मोजणीतल्या चढउतारांचं असतं. खरी गोम ड्रमच्या पोटात. २०० लिटरच्या ड्रममध्ये पाण्याइतक्या घनतेचा कचरा असेल, तर मधोमध बसलेल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याच्या ६६२ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या गॅमा किरणांपैकी जेमतेम दहावा हिस्सा न अडता बाहेर पडतो. तोच तुकडा कडेला असला की चित्र पालटतं. म्हणून ड्रम फिरवत, थराथराने मोज. वजन आधी घे. (वजनकाट्याला आम्हीही नाकं मुरडायचो, पण घनता त्याच्यावरूनच कळते.) कचऱ्यातलं दुसरं किरणोत्सारी द्रव्य, स्ट्रॉन्शियम-९०, गॅमा किरण सोडत नाही, म्हणून बाहेरून दिसतच नाही; त्याचं प्रमाण सीझियमशी असलेल्या गुणोत्तरावरून काढतात. ते गुणोत्तर कुठल्या कचऱ्याच्या नमुन्यांवरून आलं, हे आधी विचार. आणि काही सापडलं नाही तर शून्य लिहू नकोस, शोधमर्यादा (मोजणीत ओळखता येईल असं किमान प्रमाण) लिही.