भीती मारुतीच्या कुठपर्यंत?

"मॅडम, पोरगा दहा वर्षांचा झाला तरी पाण्याला घाबरतो. एकदा ढकलून दिला तर भीती मोडेल ना?"

लहान मुलांच्या भीतीवर मी काम करते. परीक्षा संपत आल्या आणि उन्हं तापली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. कधी वडील विचारतात, कधी आजोबा. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. सुट्टीत सगळी मंडळी धरणावर जाणार, मित्रांची पोरं पाण्यात धुडगूस घालणार आणि आपलं लेकरू तेवढं चपला घालून काठावर बसणार, हे त्यांना बघवत नाही. उत्तर म्हणून एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रशांत आणि वैशाली ओजसला घेऊन आले ते मार्चच्या शेवटी. प्रशांतचे कॉलेजपासूनचे तीन जिवलग मित्र. त्यातल्या एकाचा मळा नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून आहे. दर मे महिन्यात चारही कुटुंबं तिथे दोन दिवस मुक्काम ठोकतात. सकाळी बोट, दुपारी आंब्याखाली पत्ते, ऊन कललं की काठावर भेळ, समोर त्र्यंबकच्या डोंगरांमागे मावळणारा सूर्य. सांगताना प्रशांतचा चेहरा खुलला होता. "वर्षभर राबायचं ते या दोन दिवसांसाठी, मॅडम."

मागच्या वर्षी ओजस घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. एका मित्राने गमतीत मागून उचललं आणि पुढे कमरेएवढ्या पाण्यात टाकलं. दोन-चार सेकंदांत बाहेरही काढलं. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि व्हिडिओ ग्रुपवर गेला. तेव्हापासून ओजस शॉवरखाली उभा राहत नाही, डोक्यावरून तांब्याने पाणी घेतानाही आईचा हात धरतो.

मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. "पाणी नाकात गेलं ते आठवतं?"

"हो."

"अजून काय आठवतं?"

टेबलाच्या काचेवर तो बराच वेळ नखाने रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "सगळे हसत होते. बाबा पण."

प्रशांतला हे सांगितलं तेव्हा तो ओशाळला, पण मुद्दा सोडेना. "आम्हाला आण्णांनी निफाडच्या मळ्यातल्या विहिरीत असंच टाकलं होतं. पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि दिला सोडून. शिकलो की नाही?"

"आम्हाला म्हणजे किती जणांना?"

"पाच. आम्ही सगळी चुलत भावंडं."

"पाचही जण पोहतात?"

तो बोटांवर मोजायला लागला. तो स्वतः पोहतो. धाकटा पोहतो. ताई पुढे लग्नानंतर क्लास लावून शिकली. चौथा परगावी असतो, त्याचं माहीत नाही. पाचव्या बोटाशी प्रशांत अडकला. "बाळूदादा नाही पोहत. तो कपडे सांभाळतो."

बाळूदादा प्रत्येक सहलीला असतो. मित्रांनाही तो घरचाच वाटतो. सगळे पाण्यात असले की तो झाडाखाली बसून कांदा-कैरी चिरतो, घड्याळं आणि पाकिटं राखतो. चाळीस वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, तू पाण्यात का येत नाहीस. शिकले त्यांनी विहिरीचा किस्सा सांगितला आणि ऐकणाऱ्यांना वाटलं की ढकललं की पोहायला येतं. जो कायमचा काठावर राहिला, त्याचा किस्सा कोण सांगणार? प्रशांत त्यानंतर बराच वेळ काही बोलला नाही. आमच्या कामातला खरा दिवस तो होता, असं मला वाटतं.

ढकलू नका, हे मी नुसत्या मायेपोटी म्हणत नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांची भीती कशाने जाते, हे एकेक उपाय करून तपासलं. समजावून सांगणं, चेष्टा करणं, ती वस्तू बरेच दिवस नजरेआड ठेवणं, यातून फारसं काही साधलं नाही. दोन उपाय लागू पडले. एक, मूल आवडीचं काही खात असताना भीतीची वस्तू थोडी थोडी जवळ आणणं. दुसरा, जी मुलं घाबरत नाहीत त्यांच्या संगतीत ती वस्तू बघू देणं. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. ससा आधी पिंजऱ्यात, लांब. मग रोज जरा जवळ. शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला. शंभर वर्षं उलटली, आजही लहान मुलांच्या भीतीवर आम्ही मुळात हेच करतो.

पायऱ्या पाडायच्या तर भीती मोजावी लागते. मी ओजसला म्हटलं, शून्य ते दहा असे आकडे दे. त्याला ते जमेना. सगळ्यालाच दहा म्हणायचा. मग त्यानेच विचारलं, "मारुतीचं चालेल का?"

गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पाणी पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला भिडलं, अशीच पुराची बातमी गावभर होते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले मोठे पूर आम्ही अजून त्याच मापाने आठवतो. ओजसची पट्टी ठरली. घमेल्यात पाणी घेऊन त्यात हात बुडवायचा तर मारुतीच्या पायाला. शॉवर, कमरेला. तलावाच्या उथळ बाजूला पायरीवर बसणं, छातीला. बोट म्हणजे मारुती बुडाला.

या पट्टीने माझं निम्मं काम हलकं केलं, कारण पूर ओसरतो हे या गावात लहान पोरालाही माहीत असतं. भीतीचंही तसंच आहे. ती चढते, वाटतं आता गळ्याशी येणार, आणि मूल तिथेच थांबलं तर काही वेळाने आपोआप उतरायला लागते. चढत असतानाच पळ काढला तर ती उतरते हे कधी कळतच नाही. पळाल्यावर जी सुटका वाटते, तिच्यामुळे पुढच्या वेळची भीती आणखी बळावते.

नेमकं हेच एकदा घडलं. एप्रिलमध्ये त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर जायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी शेजारी कुणीतरी सूर मारला, पाणी तोंडावर उडालं आणि ओजस रडत उठला. वैशालीने त्याला टॉवेलात गुंडाळलं, रिक्षा केली आणि घरी नेलं. आईच ती, कोणीही हेच केलं असतं. पण पुढच्या वेळी तलावाचं फाटक दिसताच मारुती छातीपर्यंत बुडालेला होता. मग आम्ही ठरवलं, की रडू आलं तर पाण्याबाहेर यायचं, पण घरी जायचं नाही. काठावर बसायचं, शेंगदाण्याचा लाडू खायचा, पाणी कुठवर आलंय ते दर थोड्या वेळाने सांगायचं, आणि गुडघ्याखाली गेलं की मगच निघायचं.

दुसरा नियम ओजसचा. तो "बास" म्हणाला की बास. का, असं विचारायचं नाही, "एवढंच?" म्हणायचं नाही, हसायचं नाही. हा नियम पाळणं सगळ्यात जड गेलं ते प्रशांतला. तोंडातून "अरे काही होत नाही" निसटायचंच. पण "बास" म्हटल्यावर खरंच सगळं थांबतं याची खात्री पटली, तसा ओजस तो शब्द कमी वापरायला लागला.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. भीती घालवताना सावधपणा घालवू नका. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघाभर आत जातो. पुढे एका पावलात खोली बदलते. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवण्यातच त्याचा सगळा जीव लागलेला असतो. म्हणून मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त बघत बसायचं. हातात मोबाइल नको, पत्ते नकोत, दारू तर नकोच. अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावा. लाइफ जॅकेट घातल्यावर ते दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर ते मुलाला मोठं आहे, दुसरं मागा. पोहता येणाऱ्यालाही जॅकेट हवंच. 'सगळे आहोत की आपण' म्हणतात तेव्हा प्रत्येकाला वाटत असतं की दुसरा कुणीतरी बघतोय.

बाळूदादाला मी भेटायला बोलावलं होतं. ऑफिसात यायला तो संकोचला. गोदाघाटावर मात्र आला, ओजसला मारुती दाखवायला म्हणून. उन्हाळ्यात मारुती कोरडा ठणठणीत असतो. ओजसने त्याला आपली पट्टी समजावून सांगितली आणि विचारलं, "काका, तुमचं कुठपर्यंत आहे?"

बाळूदादाने मूर्तीकडे वर बघत गळ्याला हात लावला. "इथपर्यंत. तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून."

सहलीच्या चार दिवस आधी प्रशांतने मित्रांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. मागच्या वर्षीचा ओजसचा व्हिडिओ सगळ्यांनी काढून टाका. या वर्षी त्याला कुणी उचलायचं नाही, तो येईल तेव्हा येईल. या दोन ओळी लिहायला दोन दिवस लागले, असं त्याने मला सांगितलं. उचलणाऱ्या मित्राने मळ्यावर पोचल्या पोचल्या ओजससमोर उकिडवं बसून माफी मागितली.

पुढचं वैशालीने फोनवर सांगितलं. बोटीच्या पहिल्या फेरीला ओजस गेला नाही. काकांबरोबर कैरी चिरत बसला आणि कुणीही काही म्हणालं नाही. मित्रांची पोरं ओली होऊन हसत परत आली. त्याने त्यांना निरखून पाहिलं, उठला, जॅकेट चढवलं आणि काकांपुढे जाऊन उभा राहिला. "ओढून बघा." काकांनी खांद्यांशी धरून ओढलं. जॅकेट हललं नाही.

बोट काठापासून जरा लांब गेली. प्रशांत शेजारी बसला होता, त्याने हात धरला नव्हता, कारण ओजसने तसं सांगितलं होतं. ओजस मागे वळून काठाकडे बघत होता. तिथे बाळूदादाने चपला काढल्या होत्या, पँट दुमडली होती आणि सुरी अजून हातात असतानाच तो घोट्याएवढ्या पाण्यात उतरून उभा होता.

"काका, कुठपर्यंत?" ओजस ओरडला.

बाळूदादाने थोडा विचार केला आणि रिकामा हात कमरेवर ठेवला.