वाचकांचे प्रश्न : दुचाकीवर नकाशा कागदाचा की फोनमधला?

मराठवाड्यात दुचाकीवर फिरणाऱ्यांची रस्ता शोधण्याविषयीची काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

पावसाळ्यात अ‍ॅपने डांबरी रस्ता सोडायला लावून शेतातल्या वाटेला घातले. चिखलात गाडी रुतली. असे का होते? (वाचक, जालना)

दुचाकीचा पर्याय निवडला की अ‍ॅप अरुंद वाटाही हिशेबात धरते आणि दोन-तीन किलोमीटर वाचत असतील तर त्याच पुढे करते. नकाशावरची ती रेघ पुष्कळदा उपग्रहाच्या छायाचित्रावरून ओढलेली असते. खाली डांबर आहे, मुरूम आहे की नुसती पाणंद, हे तिच्यावरून कळत नाही. उन्हाळ्यात त्याच पाणंदीवरून ट्रॅक्टर सुखाने जातो. पाऊस झाला की काळी माती फुगते, टायरला थरावर थर चिकटतो, टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट भरते आणि पुढचे चाक फिरायचेच थांबते. तिथे रेस करत राहिलात तर क्लचप्लेट जळतील. इंजिन बंद करा, काडीने मडगार्ड मोकळे करा आणि आल्या वाटेने मागे फिरा. ‘पुढे बरा असेल’ हा अंदाज काळ्या मातीत सहसा फसतो.

हे टाळायचे तर थेट शेवटच्या गावाचा मार्ग लावू नका. पुढच्या मोठ्या गावापुरताच लावा. लातूरहून जालन्याला जायचे आहे, तर आधी अंबाजोगाई, मग धारूर, मग माजलगाव, गेवराई, अंबड. टप्पा लहान असला की अ‍ॅपला आडवाटा शोधायला वाव कमी मिळतो.

सेटिंगमध्ये ‘टोल टाळा’ चालू असेल तर बंद करा. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल लागत नाही, पण हा पर्याय चालू राहिला तर अ‍ॅप विनाकारण महामार्ग सोडून गावागावांतून फिरवते. निघण्यापूर्वी संशयास्पद तुकडा उपग्रहाच्या दृश्यात मोठा करून पाहा. आपल्याकडे काळी माती आणि डांबर वरून सारखेच गडद दिसतात, म्हणून रंगावर जाऊ नका. बांधाबांधाने काटकोनात वळणारी आणि ओढ्यापाशी पूल न दिसता पलीकडे पुन्हा सुरू होणारी वाट ही पाणंदच समजा. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर अ‍ॅप काहीही म्हणो, पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबा.

आता कागदी नकाशा विकत घेण्यात अर्थ आहे का? कोणता घ्यावा? (वाचक, अंबाजोगाई)

आहे, पण चालत्या गाडीवर वाचायला नव्हे. फोनच्या पडद्यावर पुढचे वळण दिसते. माजलगावच्या पुढे रस्ता बंद निघाला तर डावीकडून गढी की उजवीकडून पाथरी, हे एका नजरेत पाहायला मोठा कागदच लागतो.

दुचाकीला १:२,५०,००० हे प्रमाण सोयीचे. यात १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाचे या प्रमाणाचे पत्रक, म्हणजे नकाशाचा एक सुटा कागद, एक अंश लांब-रुंद असते, म्हणजे आपल्याकडे साधारण १०५ बाय १११ किलोमीटर. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ४७ एम क्रमांकाच्या पत्रकामध्ये, परभणी ५६ ए मध्ये, लातूर, धाराशिव आणि अंबाजोगाई ५६ बी मध्ये, नांदेड आणि हिंगोली ५६ ई मध्ये येतात. ७६ अंश रेखांशावर पत्रकाचा क्रमांक ४७ चा ५६ होतो. ही रेघ जालन्याच्या थोडी पूर्वेला पडते, त्यामुळे जालना-परभणी प्रवासाला दोन पत्रके लागतात.

१:५०,००० चे पत्रक फक्त २६-२७ किलोमीटरचा चौकोन दाखवते. दिवसभराच्या प्रवासाला त्याचा उपयोग नाही, पण बालाघाटातल्या एखाद्या घाटाचा अभ्यास करायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना खेटून आल्या की चढ तीव्र. दोन रेषांमध्ये उंचीचा २० मीटरचा फरक असतो. सलग लाल रेघ पक्क्या रस्त्याची, तुटक लाल रेघ कच्च्याची. नेमका हाच भेद फोनमध्ये हरवतो.

जुना नकाशा असेल तर दोन गोष्टी पेनाने दुरुस्त करा. सोलापूर-धुळे महामार्ग पूर्वी २११ होता, आता ५२ आहे. कल्याण-निर्मल २२२ होता, आता ६१ आहे. रस्त्यावरच्या पाट्या नव्या क्रमांकाच्या आणि हातातला कागद जुन्या क्रमांकाचा, यात भर चौकात घोळ होतो. जिल्ह्यांची नावेही २०२३ च्या आधीच्या नकाशात औरंगाबाद आणि उस्मानाबाद अशीच असतील.

गाडीवर नकाशाऐवजी चिठ्ठी ठेवा. पोस्टकार्डाएवढा कागद, ठळक अक्षर, एका ओळीत एकच वळण : ‘शहागड, गोदावरी पूल – सरळ’, ‘वडीगोद्री – उजवीकडे, अंबड’. प्रत्येक ओळीपुढे मागच्या गावापासूनचे किलोमीटर लिहा आणि त्या गावात ट्रिप मीटर शून्य करा. कागद पारदर्शक पिशवीत घालून टाकीवर लावा. मैलाचे दगड ताळ्याला आहेतच : पिवळे डोके राष्ट्रीय महामार्गाचे, हिरवे राज्यमार्गाचे, नारिंगी ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचे. राज्यमार्गाने चाललो आहोत अशी समजूत आहे आणि दगड नारिंगी दिसू लागले, तर वळण चुकले आहे.

लोहचुंबकाने टाकीवर चिकटणारी टँकबॅग असेल तर तिच्यावर फोन ठेवू नका. चुंबकामुळे फोनचे होकायंत्र बिघडते आणि गाडी उभी असताना बाण भलतीकडे तोंड करतो. चालायला लागल्यावर सरळ होतो, पण फाट्यावर थांबून दिशा ठरवतानाच तो लागतो ना!

मे महिन्यात हँडलवरचा फोन तापून पडदा काळवंडतो, चार्जिंगही थांबते. उपाय? (वाचक, परभणी)

फोन तीन बाजूंनी तापतो : वरून ऊन, आतून पूर्ण उजेडावरचा पडदा आणि खालून चार्जिंग. बॅटरी ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की फोन स्वतःच चार्जिंग तोडतो. ते बिघडल्याचे लक्षण नाही. पावसाळ्यातले बंद प्लास्टिकचे कव्हर उन्हाळ्यात काढा, कारण त्यात हवा खेळत नाही. जलद चार्जर वापरू नका. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे फोन खिशात, पडदा बंद आणि हेल्मेटमधल्या स्पीकरवर मराठी सूचना. आवाज एवढाच ठेवा की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल.

महागडा फोन हँडलवर लावूच नये, असे आमचे मत आहे. मोठ्या इंजिनांच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. घरात पडलेला जुना फोन या कामाला उत्तम.

चार्जरची जोडणी : ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर १२ व्होल्टच्या बाजूने जेमतेम १ अँपिअर घेतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ३ अँपिअरचा फ्यूज टाका. तिथून चार पिनी रिलेच्या (चावी बंद केली की चार्जरची वीज तोडणारा स्विच) ३० क्रमांकाला, ८७ वरून चार्जरला, ८६ ला चावी फिरवल्यावर चालू होणारी तार (टेललॅम्पची चालते), ८५ चॅसीला. रिले गाळून थेट बॅटरीला जोडणारे पुष्कळ आहेत. काही चार्जर फोन नसतानाही १०-२० मिलिअँपिअर ओढतात. ४ अँपिअर-अवरची बॅटरी २० मिलिअँपिअरने २०० तासांत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत रिकामी होते, आणि मग सेल्फ लागत नाही म्हणून मेकॅनिककडे खेप.

समृद्धी महामार्गाने दुचाकी नेता येईल का? अ‍ॅप तोच रस्ता दाखवते. (वाचक, वैजापूर)

नाही, तिथे दुचाकीला बंदी आहे. तुमचे अ‍ॅप मोटारीच्या पर्यायावर आहे, ते दुचाकीवर आणा.

रेंज गेली की जीपीएसही बंद पडते का? (वाचक, किनवट)

नाही. जागा उपग्रहांवरून कळते, त्याला सिमकार्डही लागत नाही. रेंज गेली की खालचा नकाशा उतरत नाही, म्हणून निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर दिसतो. घरच्या वायफायवर तो भाग आधीच उतरवून ठेवा. गूगल मॅप्सच्या उतरवलेल्या नकाशावर मोटारीचा मार्ग मिळतो, पण वाहतुकीची माहिती आणि पर्यायी रस्ते मिळत नाहीत. ऑसमअँड या अ‍ॅपमध्ये अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा उतरवता येतो आणि मोटारसायकलचा वेगळा पर्यायही आहे. फोन बराच वेळ बंद असेल तर रेंजशिवाय पहिली जागा सापडायला काही मिनिटे लागू शकतात. तोवर उघड्या आकाशाखाली उभे राहा, झाडाखाली नको.

पाहुण्यांचे गाव ‘पिंपळगाव’. अ‍ॅपने दुसऱ्याच पिंपळगावला नेले. (वाचक, उदगीर)

पिंपळगाव, वडगाव, बोरगाव अशी नावे तालुक्यातालुक्यांत आहेत आणि बुद्रुक-खुर्द वेगळेच. अ‍ॅपमध्ये तालुका आणि पिनकोड घालून शोधा. पाहुण्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या दारातून लोकेशन मागवा. घराच्या आतून पाठवलेले मागच्या गल्लीत पडू शकते. मिळालेले अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत चिठ्ठीवर उतरवा, तेवढ्यात ११ मीटरपर्यंतचा नेमकेपणा येतो. कोणी ‘अमुक फाट्यावर या’ म्हणाले तर गावाचे नाव टाकू नका. फाटा महामार्गावर आणि गाव चार-सहा किलोमीटर आत, असे बरेचदा असते. पाहुणे फाट्यावर ताटकळतात आणि तुम्ही गावच्या पारावर जाऊन पोचता.