मंगळ तिला आवडतो, इस्रो तुम्हाला

तासगावहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला ८६ टक्के, सांगलीच्या इंटिग्रेटेड (कॉलेज आणि जेईईचा क्लास एकत्र) बॅचमध्ये घातलेली. रात्री जागून ती नॅशनल जिऑग्राफिकची 'मार्स' मालिका बघते, प्रत्येक भागावर ऑनलाइन लांबलचक लिहिते आणि इतर प्रेक्षकांशी वाद घालते. वडील रागावलेले नाहीत, उलट खूश आहेत. लिहितात, 'आवड आहेच, तर मग थेट इस्रोच! फक्त ही मालिका सोडून जेईईला लाग म्हणून तुम्ही तिला पटवून द्या.' सोबत मुलीच्या लिखाणाच्या प्रिंट जोडल्या आहेत.

नमस्कार,

या प्रिंट तिने तुम्हाला दिल्या का? 'फोन हाताशी सापडला तेव्हा बघितलं' असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे नाहीच दिल्या. मुलगी दुसरं नाव घेऊन लिहिते, ते घरच्यांनी वाचू नये म्हणूनच. तुम्ही ते वाचलंत, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढल्यात आणि ज्याला तिने कधी पाहिलंही नाही अशा माणसाला पाठवून दिल्यात. तिच्या मार्कांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. हे तिला आज ना उद्या कळणारच. दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्ही स्वतः सांगा आणि माफी मागा. बापाने लेकीची माफी मागितली तर काही बिघडत नाही.

आता त्या प्रिंटमधल्या लाल पेनाबद्दल. एवढ्या पानांत तुम्ही एकाच ठिकाणी रेघ ओढली आहे: 'मला मंगळावर जायला आवडेल'. वाक्य तिथे संपत नाही हो. पुढे आहे, 'पण या लोकांबरोबर नाही'. रेघ मात्र मध्येच थांबली आहे.

मी बाकीचंही वाचलं, खरं तर वाचायला नको होतं. २०३३ मध्ये सहा जण मंगळावर उतरतात अशी ती गोष्ट. उतरताना जखमी झालेला कमांडर दुखणं कुणाला सांगत नाही. प्रेक्षकांपैकी कितीतरी जण त्याला वीर म्हणतात, तुमची मुलगी त्यांच्याशी भांडते. ती विचारते, उरलेल्या पाचांचा जीव ज्याच्यावर अवलंबून आहे त्याला दुखणं लपवायचा हक्क कुणी दिला? मग ती आजीवर येते. द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत आजीने पोटातलं दुखणं अंगावर काढलं आणि घरात सगळे 'किती सोशीक' म्हणून कौतुक करत राहिले. त्या परिच्छेदावर तुमची एकही रेघ नाही. माझी असती तर तिथेच असती.

दुसऱ्या एका पानावर तिने हिशोब मांडलाय. पृथ्वीवरून मंगळावर निरोप पोचायला अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे आणीबाणीत पृथ्वीवरच्या वरिष्ठांना विचारून ठरवणं शक्यच नाही. हिशोब बरोबर आहे. तुम्ही समासात 'फिजिक्स चांगलं' असं लिहिलंय, पण तिने तो वाद जिंकायला केलाय.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. इंजिनीअरिंग, मग इस्रो, मग मंगळ, अशी सरळ शिडी तुम्ही मनात उभी केली आहे. इस्रोचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं, पण त्यात माणूस नव्हता. माणसं अंतराळात नेणाऱ्या इस्रोच्या गगनयानसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे वैमानिक, आणि ते यानही पृथ्वीभोवतीच फिरणार. त्या चौघांपैकी शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर जाऊन आले. माणूस मंगळावर टिकेल का, हे तपासायला नासाने ह्यूस्टनला एक घर बांधलं आणि त्यात वेगळ्या चार जणांना ३७८ दिवस ठेवलं. जुलै २०२४ मध्ये ते बाहेर आले. त्यांत एक आपत्कालीन विभागातला डॉक्टर होता, एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. मॉस्कोत तर अशाच प्रयोगात सहा जण ५२० दिवस बंद राहिले, २०११ मध्ये सुटले. तिथे झोप, कंटाळा, माणसांचं एकमेकांशी पटणं-न पटणं हे सगळं तपासलं गेलं. तुमची मुलगी रात्री दीड वाजता याच गोष्टींवर लिहीत असते.

लगेच 'मग मानसशास्त्रच' असं ठरवू नका, म्हणजे पाव्हण्यांना सांगायला नवीन नाव मिळालं इतकंच होईल. इस्रोचं तर तुम्ही गावभर सांगूनही टाकलंय. ते शब्द परत घेणं तुम्हाला जड जाणार हे समजतं, पण ते ओझं तिच्या डोक्यावर देऊ नका.

जेईई अॅडव्हान्स्डमधून तिरुअनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ विज्ञानाची संस्था, किंवा सीईटी देऊन सांगलीचं वालचंद इंजिनीअरिंग कॉलेज आणि मग इस्रोची भरती, हा रस्ता तुम्हाला पाठ आहे. तिला स्वतःला हवा असेल तर चांगलाच आहे. नको असेल तरी बारावी सायन्स वाया जात नाही, पुढे मानसशास्त्राला जाता येतं, पदवीनंतर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारिता किंवा एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटला पटकथालेखनही करता येतं. जागरणाबद्दल तुमचं बरोबर आहे. दीड वाजता झोपून सकाळी सातचा क्लास झेपत नाही. भाग शनिवार-रविवारी बघू दे, लिहू दे. बंदी घातलीत तर ती चोरून बघेल.

मी तिला काहीही पटवून देणार नाही. तिला वाटलं तर ती स्वतः लिहील, तिला सविस्तर उत्तर देईन. तुमच्या प्रिंट बंद पाकिटातून परत पाठवतोय, त्या तिच्या हातात द्या.

बॅचच्या फीचा दुसरा हप्ता दिवाळीआधी आहे म्हणता. तो भरण्यापूर्वी तिला विचारा, आणि ती नको म्हणाली तर 'पहिला हप्ता बुडेल' हे उत्तर देऊ नका.