पेप्टाइड आपल्याच घराण्यातलं

प्रश्न : फार्मसी कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी ‘मशीन लर्निंगद्वारे सुरक्षित व परिणामकारक औषधी पेप्टाइडांची रचना’ असा मथळा केला आहे. मराठी बरोबर आहे का? ‘पेप्टाइड’ आणि ‘मशीन लर्निंग’ला प्रतिशब्द आहेत का? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

‘सुरक्षित’ आधी खोडा. सुरक्षित म्हणजे ज्याचं नीट रक्षण झालंय ते, लॉकरमधले दागिने. ज्याच्यापासून अपाय नाही ते निर्धोक. कॉलेज रोडच्या दुकानांत ‘एकदम सुरक्षित गोळी’ ऐकून कान किटले आहेत. ‘परिणामकारक’ही नको, विषसुद्धा परिणाम करतंच. औषधाचा गुण येतो, म्हणून ‘गुणकारी’. तुमच्या विषयात तर हा भेद कळीचा आहे. पेप्टाइड म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची छोटी साखळी. जंतूंचं आवरण फोडणारी काही पेप्टाइडं आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीही फोडतात. नुसत्या १० अमिनो आम्लांच्या साखळ्याच २० प्रकारच्या आम्लांतून १० लाख कोटींवर होतात. त्या सगळ्या प्रयोगशाळेत कोण तपासणार? म्हणून तर घातक आणि निरुपद्रवी अशा दोन्ही नमुन्यांवर संगणकाला तयार करतात, तेच तुमचं मशीन लर्निंग.

आता ‘पेप्टाइड’. हा शब्द एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली घडवला तो ‘पेप्टोन’वरून. जठररसाने प्रथिनं पचली की जे उरतं ते पेप्टोन. त्याही आधी, १८३६ मध्ये, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने जठररसातल्या पाचक द्रव्याला ‘पेप्सिन’ म्हटलं होतं. मुळाशी ग्रीक ‘पेप्तोस’ : शिजलेलं, पचलेलं. आणि हा ‘पेप्’ म्हणजे आपल्या ‘पच्’चा सख्खा चुलतभाऊ! पचन, पाक, पक्वान्न सगळे त्याच गोतातले. ‘पक्व’चं प्राकृतात ‘पिक्क’ झालं आणि मराठीत ‘पिकणे’. ग्रीकमध्येही ‘पेपोन’ म्हणजे पिकलेलं. दिंडोरीत मण्यात पाणी उतरून द्राक्ष पिकतं, तेव्हा क्रियापद याच धातूचं असतं. लॅटिनमध्ये तोच धातू ‘कोक्व’ झाला आणि इंग्रजांच्या स्वयंपाकघरात ‘कुक’ होऊन शिरला.

यावर ‘म्हणजे ग्रीकांनी संस्कृतातून उचललं’ असं टाळ्या घेत सांगणारे व्याख्याते आहेत. साफ चूक. दोघांचा आजा एक, इतकंच. चुलतभावाला मुलगा म्हणू नये. दुसरे, पेप्टाइडला ‘लघुप्रथिन’ म्हणा सांगणारे. ऑक्सिटोसिन अवघ्या ९ अमिनो आम्लांचं, त्याला प्रथिन कोण म्हणतं?

गंमत पुढेच आहे. इन्शुलिन ५१ अमिनो आम्लांचं. गिळलं तर जठरात इतर अन्नासारखंच पचून जातं, म्हणून टोचून घ्यावं लागतं. ज्याच्या नावातच पचणं आहे, ते पचू नये यासाठी औषधवाल्यांचा निम्मा जीव खर्ची पडतो. काही अमिनो आम्लं बदलतात, कुठे साखळीची टोकं जोडून कडं करतात, म्हणजे पाचकरसांना सहज तोडता येत नाही.

तेव्हा ‘पेप्टाइड’ तसंच ठेवा, घरचंच आहे. आणि हो, ‘मशीन लर्निंग’. तेही राहू द्या. ‘यंत्रशिक्षण’ लिहिलंत तर सातपूरची मुलं आयटीआयचा अर्ज मागायला येतील.