मस्कतहून पुण्यात कॉलेजला येतोयस तर हे वाच
अरे टेन्शन नको घेऊ, मी पण बारावी मस्कतला केली, पुण्यात पहिले सहा महिने नुसती चिडचिड. आधी कागदं बघ, तिकडे सीबीएसई असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट (म्हणजे बोर्ड बदलल्याचा दाखला), परदेशी बोर्ड असेल तर इक्विव्हॅलन्स (तिकडची बारावी इथल्या बारावीच्या बरोबरीची असल्याचं सर्टिफिकेट) पण, आणि झेरॉक्सचे पाच-सहा सेट काढून ठेव कारण खिडकीवरचे काका दर वेळी नवीनच काहीतरी मागतात आणि एक वाजला की डबा उघडतात. 75 टक्के अटेंडन्सचं मनावर घे. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, हातानेच लिहायचं असतं बरं का, मी टाइप करून नेलं होतं, अख्खी लॅब हसली. आणि ‘आमच्याकडे तिकडे ना...’ हे जरा गिळ, लेक्चर संपलं की टपरीवर कटिंगला जात जा, नोट्स, मागचे पेपर सगळं तिथेच मिळतं.