मॉडिफाय केलेल्या सीडी प्लेअरचा व्यावसायिक रिव्ह्यू व्हायला हवा का?

हवा, पण तेच मॉड (प्लेअरमधले पार्ट बदलणं) ठरलेल्या पार्टच्या यादीने कुणालाही करून मिळत असेल तरच. एकदाच हाताने केलेल्या सेटचा रिव्ह्यू म्हणजे त्या एकाच सेटचं कौतुक. म्हापशातल्या तुमच्या प्लेअरला तो लागू नाही.

रिव्ह्यूत तुलनेला शेजारी हात न लावलेलं तेच मॉडेल हवं आणि दोघांची आउटपुट लेव्हल ०.१ डेसिबलच्या आत जुळवलेली हवी. मॉडने लेव्हल किंचित वाढली तरी कानाला आवाज ‘खुलला’ असं वाटतं. बहुतेक जण इथेच फसतात.

नेहमीचं मॉड म्हणजे एनई५५३२ हा ऑपॅम्प (ऑडिओ सिग्नल वाढवणारी आयसी) काढून एलएम४५६२ बसवणं. आठही पाय जुळतात, पण नवी आयसी बरीच वेगवान. ४ आणि ८ नंबरच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर नसतील तर ती ऑसिलेट होऊ शकते, म्हणजे स्वतःच नको तो वेगवान सिग्नल काढू लागते. तसं झालं की आयसी इतकी तापू शकते की बोट लावलं तर चटका बसतो. नुसतं ऐकून हे कळेलच असं नाही, सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो.

गोव्यात आणखी एक बघा: सोल्डरिंगचं फ्लक्स (जोड नीट बसावा म्हणून लावतात ते रसायन) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलेलं नसेल तर पावसाळ्यात, खाऱ्या हवेत बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक गंजून हिरवे पडू शकतात. रिव्ह्यूत झाकण उघडून काढलेला फोटो नसेल तर पुढे वाचूच नका.

आणि डिस्क वाजताना अडखळत असेल तर आधी लेझर बघा, ऑपॅम्प नंतर.